पश्चिमेच्या खिडक्या

हरी गेल्याची बातमी आली तेव्हा माझं डोकं एका एसीच्या आत होतं. मी बोलताना फुगवून सांगतो, हे मला ओळखणारे सगळे जाणतात, पण हे फुगवलेलं नाही. बोईसरच्या एमआयडीसीतल्या एका औषधाच्या कंपनीत मीटिंगच्या खोलीतला छतातला एसी खोकल्यासारखा आवाज करत होता आणि मी शिडीवर उभा राहून त्याच्या पोटात मान घालून बघत होतो. फोन खांद्याने कानाशी दाबला. पलीकडे सुलभावहिनी होत्या, हरीची बायको. म्हणाल्या, "भावजी, हे गेले." मी विचारलं, "कुठे?" ... हरी कायम कुठेतरी गेलेलाच असायचा. पालघरला कचेरीत, वाणगावला कुठल्यातरी शाळेच्या बांधकामावर, नाहीतर समुद्रावर नुसताच. त्यामुळे प्रश्न तसा चुकीचा नव्हता. मागून कोणाचं तरी रडणं ऐकू आलं. मी "येतो" म्हणालो, फोन खिशात टाकला आणि हातातलं काम पुरं केलं. फिल्टर धुतला, पुसला, बसवला, स्क्रू आवळले. एसी चालू करून हाताने गारवा बघितला. कंपनीचा माणूस म्हणाला, "गेला वाटतं आवाज." मी म्हटलं, "हो, गेला."

खरी पंचाईत पुढेच झाली. बोईसरच्या नाक्यापासून कुंभवलीच्या वेशीपर्यंत मी थापाड्या म्हणून नावाजलेला आहे. एका कारखानदाराच्या केबिनमध्ये मी बसवलेला एसी इतका जबर होता की टेबलावरच्या गणपतीने मफलर मागितला, ही माझीच गोष्ट. दुकानाच्या दारात मांजर आडवं गेलं तरी संध्याकाळपर्यंत मी त्याचा बिबट्या करतो. तर आता मी एकेकाला फोन करून सांगायला लागलो की हरेश्वर तांडेल आज सकाळी वारला, आंघोळ करून ओट्यावर बसला आणि बसल्याजागी संपला... आणि एकाचाही विश्वास बसेना. माझ्या हाताखाली गॅस भरणारा तिवारी म्हणाला, "सेठ, सुबह सुबह ऐसा मजाक नहीं करते." वाणगावचा ठेकेदार हसला आणि म्हणाला, हरीने तुला कितीला विकली ही थाप? एक जण म्हणाला, थांब, मी हरीलाच विचारतो. त्याने हरीचा नंबर लावला. वहिनींनी उचलला. त्यानंतर मी कोणालाही फोन केला नाही. जन्मभर थापा मारल्या, लोकांनी चवीने ऐकल्या, आणि एवढी एक बातमी माझ्या तोंडून कोणाला खरी वाटेना. मला वाटलं, इतके लोक खोटं म्हणतायत तर खोटंच असेल. मी सातपाटीला जाईपर्यंत गाडी फार सावकाश चालवली.

सातपाटीच्या त्याच्या घरात ओटीवर त्याला ठेवलं होतं. दारात, खिडकीत, पडवीत माणसंच माणसं. डोक्याशी उदबत्त्या लावलेल्या. बाकी सगळे त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, मी धुराकडे बघत बसलो. धूर दोऱ्यासारखा सरळ वर चालला होता. हरीच्या घरात धूर सरळ जाणं म्हणजे... आता हे कसं सांगू, एखाद्या पुजाऱ्याच्या घरात देव पालथे असावेत तसं. मी उठलो आणि दारातल्या लोकांना म्हटलं, जरा बाजूला व्हा, वारा अडलाय. कोणीतरी माझ्याकडे असं बघितलं की हा इथेही सुरू झाला. पण दोन-चार जण हलले. पडवीतला पडदा मी वर बांधला. धूर जरा थरथरला, आडवा झाला, मागच्या दाराकडे निघाला. मग मी परत जाऊन बसलो. त्या दिवशी मी एवढंच केलं. रडलो वगैरे नाही.

ही उदबत्तीची भानगड आधी सांगायला हवी. हरी आर्किटेक्ट होता. बंगले बांधून देणाऱ्यांपैकी नव्हे. शाळा, अंगणवाड्या, ग्रामपंचायती, दवाखाने अशा, ज्यांची बिलं उशिरा निघतात आणि उद्घाटनं लवकर होतात, त्या इमारतींचा आर्किटेक्ट. कुठल्याही खोलीत शिरला की शर्टाच्या खिशातून उदबत्ती काढायचा, पेटवायचा, खोलीच्या मध्यभागी उभा राहायचा आणि धूर कुठे जातो ते बघायचा. कोपऱ्यात जायचा, खाली बसायचा, स्टुलावर चढायचा. वारा कुठून येतो, कुठे अडतो, कुठून बाहेर पडतो, हे त्याला त्या धुरात दिसायचं. लोकांना वाटायचं माणूस फार धार्मिक आहे. पालघरच्या एका कचेरीत तो कारकुनाच्या टेबलापाशी उदबत्ती घेऊन उभा राहिला तर कारकुनाने चपला काढून हात जोडले आणि मागच्या रांगेतल्या म्हातारीने टेबलावर नाणं ठेवलं. नाण्याचं मी बनवलंय. हात जोडल्याचं खरं आहे.

आमची ओळखही अशीच झाली. मी मूळचा सोलापूरकडचा. वडील तारापूरच्या कारखान्यात लागले म्हणून आम्ही कुंभवलीत आलो, आणि मी शिकून सवरून एसी-फ्रिजचं दुकान टाकलं. सोलापूरचा माणूस थंडाव्याचा धंदा करतो यात नवल नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात कोंबड्या उकडलेलीच अंडी देतात. तर एका मे महिन्यात दुकानात गिऱ्हाईक यावं म्हणून मी सगळे एसी लावून ठेवले होते आणि एक सडपातळ, गप्प माणूस आत आला. एसींकडे त्याने बघितलंही नाही. उदबत्ती पेटवली, धूर बघितला, सरळ मागे गेला आणि रिकाम्या खोक्यांची चळत हलवून मागचं दार उघडलं. ते दार उघडतं हे मलाच माहीत नव्हतं. असा काही वारा आत आला की भिंतीवरचं कॅलेंडर उडालं ते म्हणे वाणगाव स्टेशनात सापडलं. तो मला म्हणाला, "शेट, तुमचा वारा मागे पडला होता." जमलेली गिऱ्हाइकं माझ्याच दुकानात माझ्याच मागच्या दाराशी उभी राहून गार झाली आणि एसी न घेता घरी गेली. मी त्याला हाकलायला हवं होतं. मी चहा मागवला. तेव्हापासून मागच्या दाराशी एक लाकडी खोका हरीचा झाला, आणि मी त्याच्यासाठी "सोलापूर" झालो. माझ्या नावाने त्याने मला कधीच हाक मारली नाही.

त्याचं एसीशी वैर होतं असं काही लोक त्याच्या मागे लिहितील, म्हणून सांगतो की नव्हतं. दवाखान्यात लशी ठेवायच्या खोलीला तो स्वतः मला बोलावून एसी बसवून घ्यायचा आणि त्या खोलीची भिंत थर्मासच्या जातीची करून घ्यायचा. त्याचं म्हणणं साधं होतं. लशीला यंत्र लागतं, माणसाला वारा पुरतो. आणि यंत्राला लाईट लागते. आता बोईसरपासून हाकेच्या अंतरावर, तारापूरच्या अणुकेंद्रात, वीज तयार होते आणि तरी आमच्याकडे लाईट जाते, हा आमच्या भागातला सगळ्यात जुना विनोद आहे. त्यातून समुद्राची खारी हवा. बाहेर लावलेलं एसीचं युनिट ती असं खाते की एकदा मी दुरुस्तीला गेलो तर भिंतीवर फक्त त्याचा डाग शिल्लक होता. गिऱ्हाइकांना मी हे सांगत नाही. हरीला सांगायचो.

आता त्या दवाखान्याची गोष्ट. किनाऱ्यावरच्या एका गावातलं ते आरोग्य केंद्र. नाव लिहीत नाही, कारण तिथे मला अजून कामाला जायचंय. ते हरीचं सगळ्यात लाडकं काम. स्लॅबवर हातभर पोकळी सोडून वर कौलं, म्हणजे छत्रीवर छत्री, ऊन वरच्या वर अडून पोकळीतून निघून जायचं. पश्चिमेला रुंद पडवी आणि तिच्या सावलीत बाळंतिणींच्या वॉर्डाच्या खिडक्या, खाटेवर पडलेल्या बाईच्या अंगावरून वारा जाईल इतक्या खाली. समोरच्या पूर्वेच्या भिंतीला अगदी वर, छताशी, विटांच्या जाळ्या. दुपारनंतर समुद्रावरून वारा येणार, खाली आत शिरणार, तापेल तसा वर चढणार आणि जाळीतून निघून जाणार. पंखाही लागू नये अशी खोली. बांधकाम चालू असताना तो रोज दुपारी तिथे उदबत्ती घेऊन उभा राहायचा आणि विटेची जागा इकडची तिकडे करायला लावायचा. गवंडी त्याला "देऊळवाले साहेब" म्हणायचे.

उद्घाटनाला मीही होतो, लशीच्या खोलीचं काम माझं होतं. बाहेर ऊन असं की मंडपातले हार भाजत होते. मुख्य पाहुण्यांनी फीत कापली आणि सगळे वॉर्डात शिरले. तिथला गारवा बघून पाहुणे थक्क. "एसी कुठे बसवलाय?" म्हणून वर बघायला लागले. हरीने आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं लोकांसमोर हसून दाखवलं. तेवढ्यात दुपारचा वारा फिरला, भरून आत आला, आणि वाऱ्याबरोबर आला बोंबील. पश्चिमेला, वाळूवर, समोरच बोंबील वाळत घालायचे मांडव होते. बांबूंवर दोऱ्या ओढून त्यांवर तोंडात तोंड अडकवून जोडीजोडीने लटकवलेले हजारो बोंबील, आणि वारा त्या सगळ्यांना भेटून, विचारपूस करून, मग दवाखान्यात आला होता. पाहुण्यांचं वाक्य "आरोग्याच्या क्षेत्रात" इथवर आलं आणि तिथेच थांबलं. त्यांनी रुमाल काढला. त्यांच्या मागच्याने काढला. रुमालांची लाट पार रस्त्यापर्यंत गेली, आणि मी सांगतो, गाडीतल्या ड्रायव्हरने काच वर केली. कोणीतरी हरीला दबक्या आवाजात विचारलं, तांडेलसाहेब, हा वास?

हरी म्हणाला, "कसला वास?"

तो नाटक करत नव्हता. त्याच्या मागे उभ्या असलेल्या निम्म्या गावानेही एकमेकांकडे बघत तेच विचारलं. सातपाटीच्या कोळीवाड्यात जन्मलेल्या माणसाला वाळत्या बोंबलाचा वास येत नाही. सोलापूरच्या माणसाला उन्हाचा चटका बसत नाही, तसंच. त्याने वाऱ्याची दिशा तपासली होती, जोर तपासला होता, कोणत्या महिन्यात किती फिरतो ते तपासलं होतं. फक्त वारा वाटेत कोणाच्या अंगणातून येतो हे त्याच्या नाकाला जन्मापासून माहीत असल्यामुळे कळलंच नव्हतं. पुढे मी त्याची बाजू घेऊन लोकांना सांगायचो की तो तपासायला उदबत्ती लावायचा ना, मग उदबत्तीच्या वासात बोंबील दबला असणार. हा बचाव त्याने कधी मान्य केला नाही. म्हणायचा, "नाही सोलापूर. मला आलाच नाही."

त्या केंद्रात माने सिस्टर नव्याने बदलून आल्या होत्या. कऱ्हाडकडच्या, माळकरी घरातल्या. पहिले काही दिवस त्यांना डबा उघडला की जेवण जाईना. त्या वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवतो. रात्रंदिवस तिथे राबणारी बाई, नाकाला पदर लावून बाळंतपणं कशी करणार? त्यांनी पश्चिमेच्या खिडक्या लावून घेतल्या आणि वाऱ्याने उघडू नयेत म्हणून बाहेरून प्लाय ठोकला. थंडीत मागून वारा येतो म्हणून वरच्या जाळ्यांवरही प्लाय बसला. हरीची खोली झाली डबा. येणारे-जाणारे अधिकारी म्हणाले, आता ठीक. हरीला मी म्हटलं, सोड, तुझी बाकीची कामं आहेत की.

मग त्याच्या भाचीचं पहिलं बाळंतपण तिथे झालं. मे महिना. आम्ही दोघे बघायला गेलो तेव्हा लाईट गेलेली. पोर घामाने भिजून निपचित पडली होती, उशीवर डोक्याच्या आकाराचा ओला डाग, आणि तिचा नवरा एका औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून बाळाला वारा घालत होता. दुसऱ्या खाटांवरही तेच. माणसागणिक एक पुठ्ठा. हरी आत बंद खिडकीपाशी गेला, काचेवर तळवा टेकवून उभा राहिला. पलीकडे प्लाय वाऱ्याने थडथडत होता. वारा दारात उभा होता आणि कोणी आत घेत नव्हतं... बाहेर पडवीत आल्यावर तो म्हणाला, "मी बांधलेल्या खोलीत माझी पोर उकडतेय. सोलापूर, ह्या खिडक्या मला उघडलेल्या बघायच्यात." त्यानंतर तो जितका जगला, त्यातला प्रत्येक मोकळा दिवस त्याने याच कामाला लावला. आम्ही दुसरं काही बोलायला बसलो तरी शेवटी वॉर्डावरच यायचो.

पहिला इलाज म्हणजे काशीआत्या. मांडवांतले मोठे मांडव तिचेच, हरीच्या सख्ख्या आत्याचे. त्या गावात ती सून म्हणून आलेली. आम्ही गेलो तेव्हा ती बोंबील उलटत होती. हरीने घसा साफ करून सांगितलं की मांडव जरा दक्षिणेला सरकवले तर बायकांची सोय होईल. तिने हात थांबवला नाही.

"मांडव माज्या सासूच्या सासूनं घातलेलं हाय. तुजा दवाखाना काल आला. तू सरकव."

"आत्या, आत पोरी उकडतात."

"मंग खिडकी उगड ना. जो वारा त्यांना पायजे तोच माज्या बोंबलाला पायजे. दुसरा वारा मी कुठनं आणू?" आणि मग माझ्याकडे बघून, "ह्यो शेट इकतो ना वारा, त्याचा घे."

परत येताना हरी म्हणाला, ती बरोबर बोलली. मांडव आणि वॉर्ड एकाच हिशेबाने बांधलेत. दोघांनी चांगली जागा निवडली, एवढंच.

मग त्याने वाळ्याचे पडदे करून आणले. खिडकीच्या बाहेर पडदे सोडायचे, पाणी मारायचं, वारा गार होऊन सुगंधी होऊन आत येईल. आला की. नुसत्या बोंबलाच्या जागी वाळ्यात घोळवलेला बोंबील आला. माने सिस्टर म्हणाल्या, "साहेब, आधी नुसतं मासे वाटायचे, आता माशांचं लग्न वाटतं." प्लाय परत ठोकला गेला.

मग शीड. वास जमिनीलगत राहतो, वरचा वारा स्वच्छ असतो, हे त्याला एका दुपारी मांडवापाशी उदबत्ती बांबूवर बांधून उंच धरताना सुचलं. म्हणजे वारा खालून न घेता वरून उतरवायचा. त्याच्या काकांच्या होडीचं जुनं शीड माळ्यावर पडलं होतं. ते शिवून त्याने एक मोठी बाही केली, तिचं तोंड कौलांच्याही वर बांबूंवर उघडं धरलं समुद्राकडे, आणि दुसरं टोक वरच्या जाळीचा प्लाय काढून वॉर्डात सोडलं. मी दोर धरून होतो. दुपारचा वारा आला, शीड फुगलं, आणि मी जे सांगतो ते ऐका: दवाखाना हलला. दोन बोटं तरी समुद्राकडे सरकला. केंद्रातल्या डॉक्टरीणबाई बाहेर येऊन विचारायला लागल्या की नांगर टाकायचा का. हे सोडून द्या, पण आत वॉर्डात खाटांवरच्या चादरी हलत होत्या आणि माने सिस्टर नाकाचा पदर काढून उभ्या होत्या, हे मात्र मी शपथेवर सांगतो. वास नव्हता. हरीने त्यांना विचारून खात्री केली. स्वतःच्या नाकावर त्याचा भरवसा उरला नव्हता. एक दुपार, फक्त एक दुपार. संध्याकाळी वाऱ्याने जोर धरला, बांबू मोडले, शीड उडालं ते काशीआत्याच्या मांडवावर जाऊन पडलं. ती म्हणाली, "आता ह्ये पण वाळवू?"

पक्का, विटांचा मनोरा बांधायचा त्याचा आराखडा पालघरला गेला आणि तिथल्या हवेत विरघळला. तो फेऱ्या मारत राहिला. अशात वरून विचारणा आली की वॉर्ड पुरता बंद करून चार एसी लावले तर? आणि दर मागितले माझ्याकडे. मी त्याच दिवशी त्याला खोक्यावर बसवून सांगितलं. मला वाटलं, चिडेल. तो चहा प्याला आणि म्हणाला, "दर दे. चांगली यंत्रं लाव. फक्त लाईट गेल्यावर बाळंतिणीने काय करायचं, ते त्यांना विचार." मी विचारलं. उत्तर अजून आलेलं नाही. ना एसी आले, ना मनोरा. प्लाय तेवढा होता.

शेवटचा भेटला तो जाण्याच्या आठवड्यात. नेहमीसारखा मागच्या दाराशी बसला, खोक्याच्या फटीत उदबत्ती खोचली. बराच वेळ धूर बघत होता. मग म्हणाला, "तुझ्या मागे कोणी भिंत घालतंय का?" मला दिसतही नव्हती, पण खरंच मागच्या प्लॉटवाल्याने पाया घेतला होता. हरी म्हणाला, "त्याला सांग, जाळी ठेव म्हणावं." मी बरं म्हटलं. तो उठला, चप्पल घातली, गेला. यापेक्षा काही मोठं बोलला असता तर इथे लिहिता आलं असतं. नाही बोलला.

तेराव्यानंतर वहिनींनी मला त्याच्या शर्टातलं उदबत्तीचं पाकीट दिलं. "तुमच्याकडे राहू द्या भावजी, घरात मला बघवत नाही." मी ते हत्यारांच्या पिशवीत टाकलं, टेस्टर आणि पान्यांच्या मध्ये. मी कामाला जात होतो. जेवत होतो. नाक्यावर लोक म्हणायचे, शेट, काहीतरी सांगा की, आणि मी सांगायचो, आणि ते हसायचे. माझं तोंड आपोआप चालतं, त्याला माझी गरज नसते. आत मात्र काही हलत नव्हतं. प्लाय ठोकल्यासारखं... असो.

मागच्या पंधरवड्यात त्याच केंद्रातून बोलावणं आलं, लशीच्या खोलीचा एसी गळतोय म्हणून. गेलो. पाइप तुंबला होता, साफ केला. भर दुपार, बाहेर नुसता जाळ. हात धूत होतो तेवढ्यात लाईट गेली. लशीच्या खोलीचा जनरेटर धडधडायला लागला. वॉर्डातून पुठ्ठ्यांचा आवाज आला, फट फट फट. माने सिस्टर बाहेर आल्या. केस बरेच पिकलेत आता. बदली मागायच्या थांबल्यात म्हणे. लेकीचं लग्नही इथल्याच मुलाशी झालंय. हरीचं त्यांच्या कानावर आलं होतं. "चांगले होते हो साहेब," म्हणाल्या. मी मान हलवली. मग त्या माझ्या गाडीकडे बघत म्हणाल्या, "दादा, शिडी आहे ना तुमची? वरच्या जाळ्यांचा प्लाय काढून द्या. खालचे खिळे मी वॉर्डबॉयकडून काढवते. पोरी उकडून मरायला लागल्यात."

मी म्हटलं, "सिस्टर, दुपारचा वारा आहे. वास येईल."

त्यांनी माझ्याकडे खरोखरच न कळून बघितलं.

"कसला वास?"

मी पश्चिमेकडे बघितलं. मांडव होते. भरलेले होते. काशीआत्या थकली, आता तिची सून उलटते बोंबील, ती उलटत होती. वारा थेट तिकडून माझ्या तोंडावर येत होता. मी नाकाने श्वास ओढला. परत ओढला. छाती भरून ओढला. काही नाही. सोलापूरच्या माणसाला... काही नाही. वास कुठे गेला नव्हता. तो तिथेच असणार.

मी शिडी लावली. वरचा प्लाय काढला, एकेक करून. खाली खिळे निघत होते, लाकूड कण्हत होतं. पहिली खिडकी उघडली तेव्हा वॉर्डात कोणाचंतरी पोर शिंकलं आणि पुठ्ठ्यांचा आवाज हळूहळू बंद पडला. एका बाईने झोपेतच कूस बदलली. कोपऱ्यात सिस्टरांच्या टेबलावर देवाची तसबीर असते. तिच्यापुढची उदबत्ती विझलेली होती. मी पिशवीतलं हरीचं पाकीट काढलं, एक पेटवली, आणि मध्ये उभा राहिलो. धूर हातभर वर गेला, थांबला, पूर्वेकडे वाकला, खाटांवरून तरंगत वर चढला आणि हरीने जिथे सांगितलं होतं त्या जाळीतून बाहेर गेला. त्याच जाळीतून. मला वाटलं, आता येईल रडू. मी त्याची वाट बघत उदबत्ती संपेपर्यंत उभा राहिलो. एका म्हातारीने हात जोडले. मग मी शिडी गाडीवर बांधली आणि बोईसरला आलो.

दुकानाचं मागचं दार उघडंच असतं. खोका तिथेच आहे. फटीत राखेचा एक तुकडा अडकलाय, तो मी काढलेला नाही. मागच्या प्लॉटवाल्याची भिंत खांद्याला आली तेव्हा मी त्याला गाठून सांगितलं, जाळी ठेव. कशाला, म्हणाला. मी त्याला हरी सांगितला, वॉर्ड सांगितला, खिडक्या सांगितल्या, सिस्टर काय म्हणाल्या ते सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हसला. "शेट, तुमचं कुठलं खरं धरायचं?" मी म्हटलं, माझं नको धरू. दुपारी जा, लाईट गेली असेल अशा वेळी. पाकिटातली एक उदबत्ती त्याला दिली. म्हटलं, वॉर्डाच्या मध्ये उभा राहा आणि धूर कुठे जातो बघ. आणि बोंबलाचा वास आला तर येऊन मला सांग. मला आता येत नाही.